माझं पडणं तुला

पैलवान दारातून आत आला तेव्हा मला वाटलं, कपाट हलवायला कुणीतरी माणूस पाठवलाय. त्याने वहाणा बाहेर काढल्या, माझ्याकडे बघून कसनुसं हसला आणि सरळ चित्राकडे गेला. मी शिडीवर होते, हातात कापसाचा बोळा. "हात लावू नका," असं मी म्हणेपर्यंत तो गुडघ्यावर बसला होता आणि चित्रात खाली पडलेल्या स्वाराच्या तोंडावर त्याने अंगठा टेकवला होता.

"माझं पडणं तुला," तो पुटपुटला. मग उठून माझ्याकडे वळला. "उद्या कुस्ती आहे, ताई. जोड जरा भारी लागलीय." एवढा आडदांड माणूस, पण चेहरा परीक्षेला निघालेल्या मुलासारखा झाला होता. मला रागावताच येईना.

तो गेल्यावर मी शिडी उतरले आणि ती जागा पाहिली. तिथे तोंड नव्हतंच. मान होती, चिलखताची कॉलर होती, गवतावर गडगडत गेलेला टोप होता, आणि तोंडाच्या जागी एक काळपट, तेलकट, गुळगुळीत डाग. रंग झिजून कापडाचे धागे दिसत होते. इतक्या वर्षांत निंबगडातल्या किती लोकांनी आपापलं पडणं त्या बिचाऱ्यावर ढकललं होतं कोण जाणे.

मी तेव्हा मुंबईत जुनी चित्रं दुरुस्त करायच्या कामात नवी होते आणि निंबगडच्या राणीसाहेबांनी वाड्यातल्या संग्रहालयासाठी मला बोलावून घेतलं होतं. संस्थान केव्हाच खालसा झालं होतं. राहिलं होतं ते दरबार हॉल, त्याला जायचा उभा दगडी जिना, आणि भिंतभर पसरलेलं हे चित्र. गावात त्याला भालेझुंज म्हणत.

त्याची गोष्ट मला पहिल्याच दिवशी चहाबरोबर ऐकायला मिळाली होती. राणीसाहेबांचे आजेसासरे, म्हणजे थोरले महाराज, विलायतेला गेले. तिथे त्यांनी मोठमोठ्या महालांतून भालेझुंजीची चित्रं पाहिली: लोखंडात मढलेले सरदार, मध्ये आडवा कठडा, दोन्ही बाजूंनी दौडत येणारे घोडे, सज्ज्यात जरीच्या झग्यातल्या बायका. महाराजांच्या डोक्यात ते बसलं. परत आल्यावर त्यांनी निंबगडच्या तांबटांकडून तांब्याच्या पत्र्याची दोन चिलखतं ठोकून घेतली, वर कल्हई लावून चकचकीत केली. टोपांना मात्र तोंडावरची झडप करू दिली नाही. तोंडच झाकलं तर राजा कोण आणि स्वार कोण हे लोकांना कळायचं कसं? मग बोथट भाले, कठड्याला रंगीत कापड, नि राणीवशासाठी बांबूच्या चिकाचे पडदे लावलेला मांडव. एका बाजूने स्वतः महाराज पांढऱ्या घोड्यावर, दुसऱ्या बाजूने पागेतला उत्तम स्वार सुभानजी पायगुडे. झुंज झाली आणि नंतर दरबारच्या चित्रकाराने ती रंगवली. चित्रात महाराजांचा भाला समोर रोखलेला, सुभानजी चारी मुंड्या चीत, त्याचा तांबडा घोडा रिकाम्या खोगिराने मान फिरवून उभा, आणि मांडवातली सगळी माणसं तोंड भरून हसतायत, चिक बाजूला सारून बायकासुद्धा, पदर तोंडाला लावून.

मला ते हसणं पहिल्यापासून खटकत होतं. घोड्यावरून माणूस पडला की बघणारे आधी दचकतात. पण गावकऱ्यांना त्यात काही वाटत नव्हतं. पडलेल्याला लोक हसतात, त्यात काय एवढं.

पैलवान गेला त्याच दिवशी दुपारी जिन्यावर काठीचा आवाज आला. एक उंच, ताठ म्हातारा कठडा घट्ट धरून एकेक पायरी चाचपत चढत होता. मी हात द्यायला पुढे झाले. त्याने मान हलवली आणि स्वतःच वर आला. पांढरी तुमान, वर कोट, पायांत इतके चकाकणारे बूट की मी माझ्या चपला मागे घेतल्या.

"मी तुळाजी पायगुडे," तो म्हणाला. "तो खाली पडलाय ना, त्याचा नातू."

त्यांना मी स्टूल दिलं. ते बसले नाहीत. पोलिसांच्या घोडदळात त्यांनी हयात घालवली होती, नव्या शिपायांना घोड्यावर बसायला शिकवण्यात. डावा डोळा काचबिंदूने घालवला होता, आणि उजव्याची नजर आखडत आखडत मधोमध थोडीशी राहिली होती. "नळीतनं बघितल्यागत दिसतं," ते म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तेवढीही आता फार दिवस राहायची नाही.

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आजोबांचं तोंड. आजोबा वारले तेव्हा हे अगदी लहान. आजोबांचा हात आठवत होता, मिशीला लावायच्या मेणाचा वास आठवत होता, पण तोंड काही केल्या आठवत नव्हतं. फोटो एकही नव्हता. सुभानजींना जगात एकाच माणसाने रंगवलं होतं आणि ते तोंड गावाने पुसून टाकलं होतं.

"तुम्ही दुरुस्तीला आलाय असं कळलं," ते म्हणाले. "माझी नजर आहे तोवर ते तोंड तेवढं काढून द्या."

मी सांगितलं की जे उरलेलंच नाही ते मला काढता येणार नाही. मनाने तोंड रंगवलं तर ते माझ्या कल्पनेतल्या कुणाचं तरी होईल, सुभानजींचं नाही.

त्यांनी जरा विचार केला. "मग माझं काढा. मी आजोबांच्या वळणावर गेलोय म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणणारे गेले सगळे," ते म्हणाले आणि मग स्टुलावर बसले.

मला त्यांचं फार वाईट वाटलं, पण नाही म्हणावंच लागलं. ते रागावले नाहीत. उठायच्या ऐवजी घरातल्या गोष्टी सांगत बसले. त्यांच्या घरात 'पडला' हा शब्द तोंडातून काढायची चोरी होती. भांडं खाली यायचं, फळ खाली यायचं, पाऊससुद्धा यायचाच. मुलगा असो की मुलगी, चालायला लागलं की आजोबा त्याला घोड्यावर चढवायचे. वडील तसेच वाढले, हे तसेच वाढले. शाळेत पोरं त्यांना 'पडक्या' म्हणून चिडवायची. शिकवण्याच्या नोकरीत एकदा घोड्याने त्यांना फेकलं आणि हाताचं हाड मोडलं, तर त्यांनी घरी सांगितलं की दारात हात चेमटला. ते खोटं होतं हे बायकोला मरेपर्यंत कळलं नाही.

"आजोबांना कुणी विचारलं नाही का, कसे पडलात म्हणून?" मी विचारलं.

"वडिलांनी विचारलं होतं. आजोबा म्हणाले, चित्रात दिसतंय ना, मग मला कशाला विचारतोस. एवढं म्हणून घोड्याला खरारा करायला गेले. हसणं माहीत नसलेला माणूस होता म्हणे."

जाताना ते जिना उतरले तेव्हाही त्यांनी माझा हात घेतला नाही. वरून मी बघत राहिले. प्रत्येक पायरीआधी ते थांबत होते. एवढा घोड्यावर जन्म काढलेला माणूस जिन्याला भीत होता, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून धडपडत होता.

दुसऱ्या दिवशी मी चित्रातलं आकाश स्वच्छ करायला घेतलं. हॉलच्या सगळ्या खिडक्या लावून अंधार केला आणि चित्राला अगदी चिकटून, बाजूने, बॅटरीचा झोत टाकला. आमच्याकडे ही नेहमीची पद्धत आहे. तिरक्या उजेडात रंगाचे उंचवटे दिसतात, पोपडे कुठे सुटलेत ते कळतं. तांबड्या घोड्याच्या रिकाम्या खोगिराच्या वर, निरभ्र निळ्या आकाशात, मला एक खांदा दिसला.

मी झोत हलवला. खांद्याला लागून दुसरा खांदा. वर टोपाची गोलाई. बाजूला सरळ उभी कड, म्हणजे वर धरलेला भाला. तोंडाच्या जागी रंगाचे बारीक बारीक उंचवटे, मन लावून काम केलेल्या जागी असतात तसे. माणूस खोगिरावर नीट बसलेला होता आणि त्याच्यावर आकाश फासलेलं होतं. खाली घोड्याजवळ झोत नेला तर तिथेही तेच. मान फिरवलेल्या घोड्याखाली आणखी एक मान होती, सरळ पुढे काढलेली, आणि तिच्या टोकाचं नाक महाराजांच्या पांढऱ्या घोड्याच्या नाकाला टेकलेलं. महाराजांच्या रोखलेल्या भाल्याजवळही आकाशाखाली तशीच सरळ उभी कड होती. मांडवातल्या लोकांच्या डोळ्यांपासून दोरा ताणून मी त्यांच्या नजरा कुठे जातात ते पाहिलं. एकही नजर खाली पडलेल्या माणसाकडे जात नव्हती. सगळ्या त्या दोन नाकांवर येऊन मिळत होत्या.

कडेला एका जागी मी सुईच्या टोकाने तपासलं. पहिलं चित्र पुरं करून त्यावर वार्निश दिलेलं होतं, आणि हे आकाश वार्निशच्या वर होतं. म्हणजे ते हलक्या हाताने काढता येण्यासारखं होतं. मी सुई बाजूला ठेवली आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसून घेतलं.

पण चित्र माझं नव्हतं. मी राणीसाहेबांना वर बोलावलं आणि तुळाजीरावांनाही निरोप धाडला.

राणीसाहेब तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या. साधी सुती नऊवारी, नाकावर घसरणारा चष्मा, आणि समोरच्याला गप्प बसवणारी शांतता. मी झोत टाकून सगळं दाखवलं. त्या जवळ आल्या, लांब झाल्या, पुन्हा जवळ आल्या. तुळाजीरावांना एवढं अंधूक काही दिसणं शक्यच नव्हतं. ते मध्येच उभे राहून विचारत होते, काय आहे, काय दिसतंय. मी त्यांना सांगितलं. सुभानजी घोड्यावर बसलेले आहेत. महाराजही बसलेले आहेत. भाले वर आहेत. कुणीच पडलेलं नाही. घोडे नाकाला नाक लावून उभे आहेत.

तुळाजीरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तांबडा आणि पांढरा," ते म्हणाले. "एका पागेतले, एकाच दावणीचे. रोज शेजारी शेजारी चंदी खाणारे. त्यांना समोरासमोर सोडलंत तर ते काय करणार? भेटले एकमेकांना."

मग राणीसाहेबांच्या खांद्याला हिसका बसला. त्या हसत होत्या, पदर तोंडाला लावून, मांडवातल्या बायकांसारख्याच.

"आमच्या सासूबाई म्हणायच्या," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "की तुमच्या आजेसासऱ्यांनी आयुष्यात एकच झुंज केली आणि ती कुंचल्याने जिंकली. मला वाटायचं, सासऱ्यांबद्दल बोलायची त्यांची ती नेहमीची तऱ्हा." मग त्यांचं हसू ओसरलं. विलायतेतल्या चित्रांत कुणीतरी पडलेलं असतंच, त्या म्हणाल्या. पडणारा नसला तर बघणाऱ्यांना तमाशा कसला? महाराजांना आपलं चित्र त्या चित्रांच्या रांगेत बसवायचं होतं. तिथे दोन घोडे मुके घेताना कसे चालतील? म्हणून एकाला पाडलं. आणि पाडायचं ते राजाला थोडंच पाडणार.

"झुंज बघणारे होते की," मी म्हटलं. "ते काहीच कसे बोलले नाहीत?"

"मांडवात आमचीच माणसं. बोलायची कुणाची छाती होती? पुढे ती मेली आणि चित्र राहिलं."

मी विचारलं, वरचा रंग काढू का. राणीसाहेब खुर्चीवर बसून चित्राकडे पाहत राहिल्या. गावातल्या लहान पोराला विचारलं तरी तो सांगेल की थोरल्या महाराजांनी भाल्याच्या एका टोल्यात स्वार लोळवला. त्यांच्या घराकडे आता मालमत्ता म्हणावी असं काही उरलं नव्हतं, उरली होती ती अशी नावं. हे उघडलं की त्यांचा थोरला पुरुष गावासमोर खोटा ठरणार, आणि पुढच्या दसऱ्याला हॉल बघायला येणारे लोक त्याच्याकडे बघून हसणार.

"तुळाजीराव, तुमच्या आजोबांवर अन्याय झाला, हे मी कबूल करते," त्या म्हणाल्या. "तो आमच्या घराने केला. पण एवढं जुनं झाकलेलं उघडून आता कुणाचं भलं होणार? तुमच्या घरचं तोंड गावाने पुसलं, आमचं मी माझ्या हाताने पुसू?"

मला वाटलं, ते चिडतील. चिडायला त्यांना जागा होती. ते चाचपत पुढे गेले आणि पडलेल्या स्वाराच्या पुढ्यात उभे राहिले.

"गावाने एकट्याने नाही पुसलं, राणीसाहेब," ते म्हणाले. "मीपण पुसलंय. शाळेत घोड्यांच्या शर्यती होत्या. पोरं म्हणाली, पडक्या, तूही लाव अंगठा, नाहीतर पडशील. मला तेव्हा हे आजोबा आहेत हे माहीत होतं. तरी लावला. चांगला दाबून लावला. शर्यत जिंकलो आणि घरी कुणाला सांगितलं नाही. त्या डागात माझा अंगठा आहे." ते थांबले. "मला बाकी चित्राचं काही नको. कोण पडलं, कोण जिंकलं, राहू द्या तुमच्याकडे. नजर जायच्या आत मला त्यांचं तोंड एकदा बघायचंय."

राणीसाहेबांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "हेमांगी," त्या मला म्हणाल्या, "तेवढंच तोंड उघडता येईल?"

"येईल. तळहाताएवढी खिडकी ठेवता येते."

"मग तेवढंच उघडा. बाकीचं आमच्या घराचं आमच्याकडे असू द्या."

काम सावकाश चाललं. बोळा ओला करायचा, फिरवायचा, टाकून द्यायचा, दुसरा घ्यायचा. एका जागी नखाएवढं उघडलं की थांबायचं, खालचा रंग जराही सुटत नाही ना ते बघायचं. तुळाजीराव रोज येऊन स्टुलावर बसायचे, बुटांना पॉलिश करून, लग्नाला आल्यासारखे. मी त्यांना मधून मधून सांगायची: टोपाची कड आली. भुवई आली. एक डोळा आला. ते "बरं" म्हणायचे आणि उठून बघायला यायचे नाहीत. अर्धवट बघायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं होतं. राणीसाहेब संध्याकाळी वर येऊन माझ्या मागे थोडा वेळ उभ्या राहून जायच्या.

शेवटचा बोळा टाकला तेव्हा सकाळचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. मी शिडी बाजूला घेतली, खाली भक्कम चौरंग ठेवला आणि त्यावर तुळाजीरावांना चढवलं. या वेळी त्यांनी माझा खांदा धरला. मान थोडी डावीकडे, थोडी वर, असं करत त्यांनी आपली उरलेली नजर त्या खिडकीवर आणली आणि ती तिथे टेकली.

निळ्या आकाशात एक तोंड हसत होतं. गोल, आखूड, रुंद नाकाचं तोंड. हसून हसून डोळे बारीक झालेले, पानाने रंगलेले दात दिसतायत, मिशीचं एक टोक वर आणि एक खाली. आपलाच घोडा भर झुंजीत सोयऱ्याला भेटावा तसा शत्रूला भेटतोय हे बघून ज्याला हसू आवरेना, असा माणूस. तुळाजीरावांचा लांबट चेहरा आणि धारदार नाक यांच्याशी त्याचं काहीएक साम्य नव्हतं.

तुळाजीराव बघत राहिले. त्यांची हनुवटी हलत होती.

"हसतोय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "बरं झालं बाई, तुम्ही माझं तोंड काढलं नाहीत."

मग ते स्वतःही हसले. पाणी डोळ्यांतून वाहत होतं आणि ते पुसत नव्हते, कारण पुसलं असतं तर तेवढा वेळ बघणं चुकलं असतं. राणीसाहेब दाराशी येऊन उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत.

तुळाजीराव खाली उतरल्यावर मी त्यांना पडलेल्या स्वाराविषयी विचारलं. तो डाग तरी जरा भरून घेऊ का, आता तोंड कसं होतं ते कळलंय, तर तसंच खालीही रंगवता येईल. त्यांनी मान हलवली.

"राहू द्या तसंच. पोरं अंगठा कुठे टेकवणार मग?"

ते निघाले. दारापर्यंत गेले, आणि तिथून जिना खाली उतरताना दिसला असावा, कारण ते थबकले. काठी टेकत परत आले. चित्रासमोर एक गुडघा जमिनीला टेकला, हात पुढे करून चाचपत तो गुळगुळीत डाग शोधला आणि त्यावर अंगठा ठेवला. मी हात लावू नका म्हटलं नाही.

"माझं पडणं तुला, आजोबा," ते म्हणाले.

मग ते उठले आणि जिना उतरायला लागले. मी वरून बघत होते. काठी त्यांनी काखेत धरली होती, आणि कठड्याला हात लावलेला नव्हता.